योग्याचे ताट: दिल्ली परिसरातील मिताहाराचा इतिहास

हठयोगाच्या ग्रंथांत आहाराचा विचार आसनांना लागूनच येतो. पंधराव्या शतकातील स्वात्मारामाच्या ‘हठप्रदीपिके’त पहिल्याच उपदेशात आसनांची वर्णने संपतात आणि योग्याने काय खावे, काय टाळावे व किती खावे याचा खुलासा सुरू होतो. योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी त्याआधी सांगून झालेल्या असतात आणि त्यांत अत्याहाराचा क्रमांक पहिला आहे. अन्न स्निग्ध आणि मधुर असावे, पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवावा आणि जेवण ईश्वराला अर्पण केल्याच्या भावनेने करावे, एवढ्यात मिताहाराची व्याख्या आटोपते. त्यानंतर याद्या येतात. गहू, तांदूळ, साठी भात, जव, दूध, तूप, लोणी, खडीसाखर, मध, सुंठ, मूग, पटोल आणि पाच पालेभाज्या चालतात. फार तिखट, आंबट, खारट व उष्ण पदार्थ, तेल, तीळ, मोहरी, मद्य, मासे, मांस, दही, ताक, कुळीथ, बोरे, पेंड, हिंग आणि लसूण चालत नाहीत. शिळे अन्न पुन्हा गरम करून खाण्यालाही मनाई आहे.

या याद्यांइतकीच महत्त्वाची, पण सहसा दुर्लक्षित राहणारी एक गोष्ट त्याच प्रकरणात आहे. शरीराला क्लेश देणारा उपवास साधकाने करू नये, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. अन्न पौष्टिक, धातूंचे पोषण करणारे आणि मनाला आवडणारे असावे, असेही म्हटले आहे. अभ्यासाच्या सुरुवातीच्या काळात दूधतुपाचे जेवण चांगले, मात्र अभ्यास पक्का झाल्यावर असा नियम धरून बसण्याची गरज नाही, ही सवलत दुसऱ्या उपदेशात मिळते. नंतरच्या ‘घेरण्डसंहिते’चा पाचवा उपदेशही याच वाटेने जातो: अर्धे पोट अन्नाने भरावे, पाण्याला जागा ठेवावी आणि चौथा भाग वायूच्या हालचालीसाठी मोकळा सोडावा. दिवसातून एकदाच जेवणे किंवा अजिबात न जेवणे हा ग्रंथ नाकारतो आणि दुपारी व संध्याकाळी अशी दोन जेवणे सांगतो. साधनेला आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, कडक उन्हाळा, पावसाळा आणि थंडी टाळावी, हेही त्यात आहे. मराठी वाचकाला हा विचार गीतेच्या सहाव्या अध्यायातून आणि शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीतून ओळखीचा आहे. ज्ञानेश्वर नाथपरंपरेतले, म्हणजे ज्या परंपरेतून हे हठग्रंथ घडले तिच्यातलेच.

म्हणजे योग्याच्या आहाराला दोन बाजू आहेत: एक प्रमाणाची, दुसरी पदार्थांची. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या प्रदेशातला सुमारे सातशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर पदार्थांची यादी राज्य, बाजार आणि ऋतू यांच्याबरोबर सतत बदलत गेलेली दिसते. प्रमाणाचा नियम मात्र जवळजवळ जसाच्या तसा टिकला. त्याचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. जठर श्वासपटलाच्या लगेच खाली असते. ते भरलेले असेल तर श्वासपटल पुरेसे खाली सरकत नाही आणि दीर्घ श्वास अडतो. पश्चिमोत्तानासनात किंवा मयूरासनात भरल्या पोटावर दाब येतो, पोट आत खेचून धरण्याचे उड्डियान तर होतच नाही. पातळ पदार्थ जठरातून लवकर पुढे सरकतात, तळलेले आणि तेलकट जेवण कित्येक तास रेंगाळते. कुळीथ, हरभरा, राजमा यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. त्या मोठ्या आतड्यात गेल्यावर आंबतात आणि वायू होतो. ज्याला तासभर एका आसनात स्थिर बसायचे आहे, त्याला मूग चालावा आणि कुळीथ नसावा, हे अनुभवाने ठरलेले शहाणपण आहे. ताकाबद्दल मात्र हठग्रंथ आणि आयुर्वेद यांचे जमत नाही. आयुर्वेद ताकाची भरभरून स्तुती करतो, हठप्रदीपिका त्याला अपथ्यात घालते. या बाबतीत पुढल्या पिढ्यांनी आयुर्वेदाचे ऐकले.

दिल्लीत योगी आणि त्यांचे खाणे यांचा ठळक लेखी उल्लेख चौदाव्या शतकात सापडतो. त्या काळी शहरात सूफी खानकाह, म्हणजे सूफींचे मठ, भरभराटीला आले होते. हजरत निजामुद्दीन औलिया घियासपूरला राहत. त्यांच्या लंगरमध्ये रोज असंख्य लोक जेवत, पण ते स्वतः जवळजवळ कायम रोजा धरत आणि सोडतानाही अगदी थोडे खात. अमीर हसन सिजजी यांनी त्यांची प्रवचने ‘फवाइद-उल-फुआद’ या ग्रंथात १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवली. निजामुद्दीनांचे गुरू बाबा फरीद यांच्या अजोधनच्या जमातखान्यात येणाऱ्या जोग्यांशी झालेल्या बोलण्याचे उल्लेख त्यांत आहेत. शरीर, श्वास आणि अल्पाहार यांविषयी सूफी आणि जोगी एकमेकांशी बोलत होते, एवढे त्यावरून निश्चित समजते.

यानंतर मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येतो. तो १३३४ च्या सुमारास दिल्लीत आला, मुहम्मद बिन तुघलकाने त्याला काजी नेमले आणि १३४२ पर्यंत तो इथे होता. सुलतान जोग्यांचा मान राखतो, त्यांना आपल्या बैठकीत बसवतो, असे त्याने लिहिले आहे. सुलतानासमोर एक जोगी बसल्या जागेवरून हवेत उचलला गेलेला पाहून तो भीतीने बेशुद्ध पडला, हा त्याच्याच वृत्तांतातला प्रसंग. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला, तरी आहाराबद्दलचे त्याचे निरीक्षण मोलाचे आहे. काही जोगी फक्त भाजीपाल्यावर राहतात, बहुतेक जण मांस खात नाहीत, काही जण महिनोन् महिने अन्नपाण्यावाचून काढतात आणि त्यासाठी विशिष्ट गोळ्या घेतात असे लोक म्हणतात, असे तो नोंदवतो. ग्रंथांत नाकारलेला दीर्घ उपवास लोकांच्या नजरेत मात्र योग्याची मोठी खूण ठरला होता, हे या नोंदीतून दिसते. ग्रंथातला मध्यम मार्ग आणि लोकांना दिपवणारी टोकाची तपश्चर्या या दोन्ही गोष्टी दिल्लीत शेजारी शेजारी नांदत होत्या.

याच इब्न बतूताने हिंदुस्थानातल्या रोजच्या न्याहारीचे वर्णन केले आहे. मूग तांदळाबरोबर शिजवतात, त्यावर तूप घालून खातात, त्याला किश्री म्हणतात आणि लोक सकाळी हेच खातात, असे तो सांगतो. खिचडीची ही जुनी नोंद योगाहाराच्या दृष्टीने फार बोलकी आहे. तांदूळ, मूग आणि तूप हे तिन्ही पदार्थ हठप्रदीपिकेच्या पथ्यात आहेत. योग्याचे पथ्य आणि सामान्य माणसाचे साधे जेवण यांत तेव्हा फारसे अंतर नव्हते. योग्याला वेगळे काही शिजवावे लागत नव्हते. मसाला, मांस आणि अतिरेक वगळला, की गावातले रोजचे अन्न त्याला चालत असे.

अकबराच्या काळात खिचडी शाही मुदपाकखान्यात आली. दरबार तेव्हा आग्रा आणि फत्तेपूर सिक्रीला होता आणि दिल्ली त्याच राज्याचा सुभा होती. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त पदार्थांचे तीन वर्ग केलेले आहेत आणि पहिला वर्ग मांस नसलेल्या ‘सुफियाना’ पदार्थांचा आहे. त्यात खिचडीची कृती येते: पाच शेर तांदूळ, पाच शेर डाळ आणि पाच शेर तूप. एवढे तूप घातलेली खिचडी योग्याच्या पोटाला झेपणारी नव्हे. साधे अन्न दरबारात शिरले की त्याचे काय होते, याचे हे प्रमाण म्हणावे लागेल. पण अकबर स्वतः आहाराच्या बाबतीत संयमी होता. तो दिवसातून एकदाच जेवतो, भरपेट होण्याआधीच थांबतो आणि ठरावीक दिवशी मांस वर्ज्य करतो, असे अबुल फजलने लिहिले आहे. आग्र्याजवळ जोग्यांच्या वस्तीसाठी त्याने जोगीपुरा वसवला आणि रात्री तो त्यांच्याशी बोलायला जाई, हे दरबारातल्याच इतिहासकार बदायुनीने नाराजीच्या सुरात नोंदवले आहे.

दिल्लीत या विचाराला ग्रंथरूप मिळाले ते दारा शुकोहमुळे. यमुनेकाठी निगमबोधजवळच्या हवेलीत काशीच्या पंडितांना आणि संन्याशांना बसवून त्याने सुमारे पन्नास उपनिषदांचे फारसी भाषांतर करवले आणि ते १६५७ मध्ये पूर्ण झाले. ‘सिर्र-ए-अकबर’ नावाच्या या ग्रंथात छांदोग्य उपनिषदही आहे. अन्नाच्या स्थूल भागाचे मल, मध्यम भागाचे मांस आणि सूक्ष्म भागाचे मन होते, ही छांदोग्यातली मांडणी. आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, हे विधानही त्याच उपनिषदातले. जेवणाचा परिणाम मनावर होतो या समजुतीचा उगम असा फार मागे जातो आणि ती दिल्लीत बसून फारसीत उतरवली गेली. पुढे याच फारसी ग्रंथावरून लॅटिन भाषांतर झाले आणि उपनिषदे युरोपात पोहोचली.

दिल्लीच्या पश्चिमेला रोहतकजवळ अस्थल बोहर हा नाथपंथीयांचा मोठा मठ आहे. रोहतक आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. अठराव्या शतकातले बाबा मस्तनाथ यांच्या नावाने हा मठ ओळखला जातो, तिथे त्यांच्याच नावाचे विद्यापीठ २०१२ मध्ये सुरू झाले. मठांच्या आहारपरंपरेबद्दल मात्र सरसकट विधान करता येत नाही. कानफाट्या नाथजोग्यांवरचा जी. डब्ल्यू. ब्रिग्ज यांचा अभ्यास १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक जोगी मांस खात, अफू आणि गांजाही घेत, असे त्यात आढळते. हठग्रंथ नाथपंथाचे, पण त्यांतला प्रत्येक नियम पंथातले सगळे पाळत होते असे नाही. ‘योगी म्हणजे शुद्ध शाकाहारी’ हे समीकरण आज इतके पक्के झाले आहे, की हा फरक मुद्दाम सांगावा लागतो.

उत्तर भारतात शरीर घडवण्याची आणखी एक, अगदी वेगळी आहारपरंपरा होती: कुस्तीच्या आखाड्याची. दिल्लीत रोशनआरा बागेजवळचा गुरू हनुमान आखाडा १९२५ पासूनचा. तिथल्या पहिलवानांचा खुराक दूध, तूप आणि बदाम यांवर उभा होता. आखाड्यातही ब्रह्मचर्य, पहाटे उठणे, मादक पदार्थ टाळणे हे नियम होते आणि गुरू हनुमान स्वतः शाकाहाराचे आग्रही होते. पदार्थ पाहिले तर पहिलवानाचे ताट आणि योग्याचे ताट सारखेच वाटते. फरक आहे तो प्रमाणात. पहिलवानाला दिवसभर शेकडो बैठका आणि जोर मारायचे असतात, वजन वाढवायचे असते, म्हणून तो पोटभर आणि पोटापलीकडे खातो. योगी तेच दूधतूप घेताना पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवतो. विसाव्या शतकात योग व्यायामाच्या नावाखाली शाळांत आणि मैदानांत आला, तेव्हा या दोन परंपरांची सरमिसळ झाली आणि योगासने करणाऱ्याने ‘ताकदीचा खुराक’ घ्यावा अशी चुकीची समजूतही तिच्याबरोबर आली.

आधुनिक योगाला प्रयोगशाळेची बैठक मिळाली ती महाराष्ट्रात. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. बडोद्याला त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि पोटाचे स्नायू फिरवण्याची नौली यांचा अभ्यास केला होता. नौलीच्या वेळी आतड्यात हवेचा दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि आपल्या गुरूंच्या नावावरून त्या अवस्थेला ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे नाव दिले. गुदमार्गाने आतडे धुण्याच्या बस्ती या क्रियेत पाणी वर का खेचले जाते, याचा उलगडा त्यामुळे झाला. पोट रिकामे असणे ही नुसती धार्मिक अट राहिली नाही, त्या क्रियेची ती यांत्रिक गरज ठरली. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत योगाचे सरकारी आणि वैद्यकीय काम उभे राहिले, तेव्हा योग मोजून पाहण्याची ही पद्धत लोणावळ्यात रुजलेली होती.

दिल्लीचे खाणे मात्र याच सुमारास मुळापासून बदलत होते. १९४१ मध्ये सुमारे ९ लाख असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाखांवर गेली. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी कुटुंबांनी तंदूर, पनीर, राजमा, छोले यांची चव शहराला लावली. दर्यागंजचे ‘मोती महल’ १९४७ चे. हठग्रंथांच्या दृष्टीने यातले बरेचसे जड आणि उष्ण. पण त्याच काळात दुसरीकडे दूध सामान्य माणसाच्या आवाक्यात येऊ लागले. दिल्ली मिल्क स्कीम १९५९ मध्ये सुरू झाली, मदर डेअरी १९७४ मध्ये आली आणि वस्त्यावस्त्यांतल्या बूथवर टोकन टाकून दूध मिळू लागले. आझादपूरची फळभाजीची मंडी १९७० च्या दशकात उभी राहिली. योगाचे वर्ग कारकून, शिक्षक आणि गृहिणी यांच्यापर्यंत पोहोचले, ते या पुरवठ्याच्या पाठबळावर. ज्या साधकाला ग्रंथ दूध, तूप, ताजी भाजी सांगतो, त्याच्या कोपऱ्यावर ते मिळालेही पाहिजे. योगप्रसाराच्या इतिहासात ही बाजू फारशी लिहिली गेलेली नाही, पण तिचा वाटा मोठा आहे.

दिल्लीतल्या योगसंस्थांत अशोक रोडवरचा विश्वायतन योगाश्रम सर्वांत प्रभावी ठरला. तो धीरेंद्र ब्रह्मचारी यांनी उभारला. मूळचे बिहारचे हे योगी नेहरू आणि इंदिरा गांधी यांचे योगशिक्षक म्हणून प्रसिद्ध झाले आणि दूरदर्शनवरच्या कार्यक्रमामुळे देशभर घरोघरी पोहोचले. ‘यौगिक सूक्ष्म व्यायाम’ आणि ‘योगासन विज्ञान’ ही त्यांची पुस्तके. आश्रमाच्या जागेवर केंद्र सरकारने १९७६ मध्ये योग संशोधन संस्था सुरू केली आणि १९९८ मध्ये तिचे रूपांतर मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेत झाले. मराठी माणसाच्या मनात मोरारजींचे नाव संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या गोळीबाराशी जोडलेले आहे आणि ते तसे राहणारच. निसर्गोपचार आणि आहारसंयम यांवरची त्यांची निष्ठा मात्र खरी होती. फळे, दूध आणि सुकामेवा यांवर त्यांनी आपला दिनक्रम बसवला होता आणि ते ९९ वर्षे जगले.

दिल्लीत आणि इतरत्र योगसंस्थांतून शिकवली जाणारी शंखप्रक्षालन ही क्रिया आहाराचे आणि योगाचे नाते सर्वांत उघड करून दाखवते. कोमट मिठाचे पाणी पोटभर पिऊन ताडासन, तिर्यक् ताडासन, कटिचक्रासन, तिर्यक् भुजंगासन आणि उदराकर्षणासन ही आसने क्रमाने करायची, पुन्हा पाणी प्यायचे, आणि शौचावाटे स्वच्छ पाणी येईपर्यंत हे चालू ठेवायचे. घेरण्डसंहितेतील वारिसार धौती हे तिचे जुने रूप. क्रिया झाल्यावर सुमारे पाऊण तास स्वस्थ पडून राहायचे आणि मग मुगाची डाळ व तांदूळ यांची मऊ खिचडी भरपूर तूप घालून खायची. धुऊन निघालेल्या आतड्याला हलके आणि स्निग्ध अन्न हवे असते म्हणून हा नियम. पुढचे काही दिवस दूध, तिखट, आंबट आणि तळलेले वर्ज्य. इब्न बतूताने पाहिलेली न्याहारी अशी सहाशे वर्षांनी दिल्लीतल्या योगशाळेत औषधासारखी वाढली गेली. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ही क्रिया करू नये, कारण मिठाचा भार त्यांना सोसत नाही.

योग आणि भूक यांचा संबंध दिल्लीत प्रयोगशाळेपर्यंत गेला तो बाल कृष्ण आनंद यांच्यामुळे. १९५१ मध्ये येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्याबरोबर काम करताना त्यांनी उंदरांच्या मेंदूतील हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात भुकेचे केंद्र असल्याचे दाखवले. तो भाग दोन्ही बाजूंनी नष्ट केला, तर प्राणी समोर अन्न असूनही खात नाही आणि मरतो. भूक फक्त पोटात नसते, ती मेंदूतून चालवली जाते, हे या शोधाने सिद्ध झाले. पुढे दिल्लीत १९५६ मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजे एम्स, स्थापन झाली आणि आनंद तिथल्या शरीरक्रियाशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. तिथे त्यांनी, जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांवर प्रयोग केले. रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत बसवून त्यांच्या श्वासातला प्राणवायू आणि कर्बवायू मोजण्यात आला. संपूर्ण विश्रांतीतल्या माणसाला लागतो त्याहूनही बराच कमी प्राणवायू ते वापरू शकत होते, असा निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी योग्यांच्या मेंदूलहरींचा अभ्यासही छापून आला. चौदाव्या शतकातल्या प्रवाशाने जे भाबडेपणाने टिपले होते, त्यातली अतिशयोक्ती गाळल्यावर जे उरते ते इथे आकड्यांत आले. अभ्यासाने शरीराचा खर्च काही काळ कमी करता येतो. महिनोन् महिने अन्नावाचून राहता येते, असे मात्र या प्रयोगांनी कुठेही म्हटलेले नाही.

शहराच्या दक्षिणेला, आजच्या श्रीअरविंद मार्गावर, सुरेंद्रनाथ जौहर यांनी १२ फेब्रुवारी १९५६ रोजी श्रीअरविंद आश्रमाची दिल्ली शाखा सुरू केली. श्रीअरविंदांनी अन्नाचा ना लोभ मानला, ना तिरस्कार. साधकाने जिभेच्या आसक्तीतून सुटावे, पण शरीराची हेळसांड करू नये, ही त्यांची भूमिका आश्रमाच्या साध्या शाकाहारी सामुदायिक भोजनात उतरली. कैलास कॉलनीतल्या शिवानंद योग केंद्रात स्वामी विष्णुदेवानंदांची पंचसूत्री शिकवली जाते आणि तिच्यात योग्य व्यायाम, श्वसन, विश्रांती आणि सकारात्मक चिंतनाच्या बरोबरीने योग्य आहाराला स्वतंत्र स्थान आहे. भारतीय योग संस्थानाने १९६७ पासून दिल्लीतल्या बागांमध्ये पहाटेचे विनामूल्य वर्ग चालवले. त्या वर्गांमुळे अनेक घरांच्या जेवणाच्या वेळा बदलल्या. पहाटे पाचला सतरंजी घेऊन बागेत जायचे असेल, तर रात्री अकराला पराठे खाऊन चालत नाही.

आजाराच्या उपचारात योग आणि आहार एकत्र तपासण्याचे काम पुन्हा एम्समध्येच झाले. हृदयरोगतज्ज्ञ एस. सी. मनचंदा आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळे असलेल्या ४२ पुरुषांचा वर्षभर अभ्यास केला आणि तो २००० मध्ये प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना योग, आहारनियंत्रण आणि मध्यम व्यायाम यांचा कार्यक्रम दिला. वर्षाअखेरीस योगगटातले २० टक्के अडथळे मागे हटलेले आढळले, दुसऱ्या गटात फक्त २ टक्के. अडथळे वाढल्याचे प्रमाण योगगटात ५ टक्के होते, दुसऱ्यात ३७. रक्तवाहिनीवरची शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपाय योगगटात एकालाच करावा लागला, दुसऱ्यात आठ जणांना. रमेश बिजलानी यांनी एम्समध्ये सुरू केलेल्या इंटिग्रल हेल्थ क्लिनिकचा अभ्यास २००५ मध्ये आला. आठ दिवसांच्या कार्यक्रमात आसने, प्राणायाम, शिथिलीकरण, आहाराची माहिती आणि वैयक्तिक सल्ला होता. ९८ जणांची उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल एवढ्या थोड्या दिवसांत कमी झाले. या अभ्यासांची मर्यादाही सांगायला हवी. पहिल्यातली माणसे थोडी होती, दुसऱ्यात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि दोन्हींत योग व आहार एकत्रच दिले असल्याने कुणाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण जुने ग्रंथही या दोहोंना कधी वेगळे करत नव्हते, त्यामुळे परंपरेच्या दृष्टीने प्रयोगाची आखणी रास्तच होती.

संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी १७७ देशांच्या सहप्रस्तावाने आंतरराष्ट्रीय योगदिन मान्य केला. २१ जून २०१५ रोजी दिल्लीच्या राजपथावर ३५,९८५ लोकांनी एकत्र योगासने केली. त्यासाठी आयुष मंत्रालयाने जो सामायिक योग अभ्यासक्रम तयार केला, त्यात आहाराच्या सूचना आहेत. अभ्यास रिकाम्या किंवा हलक्या पोटी करावा, अशक्तपणा वाटला तर कोमट पाण्यात थोडा मध घ्यावा, अभ्यासानंतर वीस-तीस मिनिटांनी खावे, शाकाहार बरा आणि तिशीपुढच्या माणसाला दिवसातून दोन जेवणे पुरेशी. हा शेवटचा नियम घेरण्डसंहितेतल्या दोन जेवणांशी जुळतो. मात्र त्यात एक सूट घातली आहे आणि ती मोलाची आहे: आजारपण असेल किंवा कष्टाचे काम असेल, तर हा नियम लागू नाही. नोएडाच्या बांधकामावर दहा तास विटा वाहणाऱ्या मजुराला चौथा भाग रिकामा ठेवण्याचा उपदेश करण्यात अर्थ नसतो.

आजच्या दिल्ली परिसरात साधकाच्या ताटाचे प्रश्न ऋतूंशी आणि कामाच्या वेळांशी निगडित आहेत. हिवाळ्यात सरसोंचा साग, मुळ्याचे पराठे, तिळगूळ, बाजरीची खिचडी यांची रेलचेल असते. मोहरी आणि तीळ हठग्रंथांच्या अपथ्यात आहेत, पण ४-५ अंशांच्या थंडीत हरियाणातला शेतकरी ते सोडणार नाही आणि सोडायचे कारणही नाही. ग्रंथांतल्या पाच पालेभाज्यांपैकी वास्तुक म्हणजे आपला चाकवत. दिल्लीत तो बथुआ म्हणून थंडीत ढिगाने मिळतो आणि त्याचे रायते व पराठे घरोघरी होतात. तांदुळजा, म्हणजे इथली चौलाई, ही त्या पाचांतलीच. उन्हाळ्यात यमुनेच्या रेताड पट्ट्यातल्या काकड्या आणि खरबुजे, दुधी, दोडका, बेलाचे सरबत आणि ताक यांवर शरीर तगते. ४५ अंशांच्या उन्हात ताक टाळा असे सांगणारा शिक्षक दिल्लीत सापडणे कठीण. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाणे खाऊन आसनांना बसणाऱ्या इथल्या मराठी कुटुंबांना मात्र त्या दिवशी पोट नेहमीपेक्षा जड लागते. हठयोगाच्या दृष्टीने उपवासाच्या फराळापेक्षा मुगाची खिचडीच अधिक पथ्याची.

शुद्ध शाकाहाराची एक उणीव जुन्या ग्रंथांना माहीत असण्याचे कारण नव्हते. ब १२ जीवनसत्त्व वनस्पतींतून जवळजवळ मिळत नाही. दूध आणि दही घेणाऱ्याला ते काही प्रमाणात मिळते. पण योग सुरू केल्यावर दुग्धजन्य पदार्थही सोडणाऱ्यांना हातापायांत मुंग्या येणे, थकवा, रक्तक्षय असे त्रास होऊ शकतात आणि त्यांना पूरक गोळ्यांची गरज लागते. ग्रंथांनी दूध आणि तूप यांना आहाराच्या केंद्रस्थानी ठेवले होते हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

गुरुग्राम आणि नोएडाच्या कार्यालयांतून लोक रात्री नऊ-दहाला घरी पोहोचतात, मग जेवण अकराच्या पुढे जाते. जेवण आणि आसने यांत तीन-चार तासांचे अंतर हवे, हा सर्वसाधारण नियम त्यामुळे संध्याकाळच्या वर्गांना अडचणीचा होतो आणि सकाळच्या वर्गांना सोयीचा. अनेक शिक्षक म्हणूनच कार्यालयातून येणाऱ्यांना दुपारचे जेवण पोटभर आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास फळ किंवा भाजलेले चणे एवढेच घ्यायला सांगतात. वर्ग संपल्यावर घरी जाऊन डाळ, भाजी आणि एकदोन पोळ्या. घेरण्डसंहितेची दोन जेवणे आणि रिकामा चौथा भाग मेट्रोच्या वेळापत्रकात अशा रीतीने बसवले जातात.